दात शिवशिवतात तेव्हा

एकाच दुखण्यावर डझनभर उपाय निघाले की समजावं, त्यातला एकही पुरता लागू पडलेला नाही. दात शिवशिवण्याचं तसंच आहे. गार पाण्याचा घोट, कुल्फीचा चावा, कैरीची फोड, थंडीत बोलताना तोंडात शिरलेला वारा, एवढंसं निमित्त पुरतं आणि दातातून सळक जाते. दोन-चार सेकंदांत ती थांबतेही. थांबली की माणूस विसरतो, पुढच्या घोटापर्यंत. झोप मोडत नाही, गाल सुजत नाही, म्हणून हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. लोक पाणी कोमट करून पितात, एकाच बाजूने चावतात, आइस्क्रीम सोडून देतात. शेवटी कधीतरी दंतवैद्याच्या खुर्चीत बसले की कानावर येतं: वॉर्निश लावू, डिसेन्सिटायझर लावू, खाच भरून घेऊ, लेसर करू. यातलं आपल्याला काय हवं आणि का, हे समजावायला डॉक्टरांना सवड नसते आणि विचारायला पेशंटला धीर होत नाही. तिथे अडलेलं बोलणं पुढे सरकावं म्हणून ही पुस्तिका.

माझं मत आडपडदा न ठेवता आधीच सांगतो. या उपचारांच्या किमतींत जेवढं अंतर आहे, तेवढं त्यांच्या गुणात नाही. पेशंटला गुण येतो की नाही, हे बाटलीतल्या औषधापेक्षा त्याआधी झालेल्या तपासणीवर जास्त ठरतं. पुढची पानं वाचताना वाचकाने हे मत तपासून पाहावं.

त्यासाठी सळक कुठून येते ते थोडं समजून घ्यायला हवं. दाताच्या माथ्यावर एनॅमलचं कठीण कवच असतं, त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या पोटात पल्प. आपण सगळे ज्याला दाताची ‘नस’ म्हणतो ती हीच. डेंटिन भरीव दिसतं, पण पल्पपासून बाहेरच्या दिशेने निघालेल्या अतिसूक्ष्म नलिकांनी ते भरलेलं असतं. एका चौरस मिलिमीटरमध्ये बाहेरच्या अंगाला सुमारे २० हजार, तर पल्पजवळ ४५ हजारांच्या घरात नलिका असतात, आणि एकेकीचा व्यास १ ते २.५ मायक्रॉन. या नलिकांत द्रव असतो. वरचं झाकण गेलं आणि गार काही लागलं की तो द्रव झटक्यात बाहेरच्या दिशेने सरकतो, आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना ओढ बसते आणि कळ उठते. झुरिकच्या आल्फ्रेड गीझी यांनी १९०० सालीच द्रवाच्या या हालचालीकडे बोट दाखवलं होतं. प्रयोगांनी ते पक्कं केलं स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी, १९६०च्या दशकात. गरम चहापेक्षा गार पाणी जास्त का झोंबतं, याचं उत्तरही इथेच आहे. उष्णतेने द्रव आत ढकलला जातो, थंडीने बाहेर ओढला जातो, आणि बाहेर ओढला जाण्याला मज्जातंतू जास्त चटकन दाद देतात. गोड पदार्थ आणि कोरडी हवाही द्रवाला बाहेरच खेचतात.

ब्रिटनमध्ये १९८७ साली आब्सी आणि सहकाऱ्यांनी शिवशिवणारे आणि न शिवशिवणारे दात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. शिवशिवणाऱ्या दातांवर उघड्या नलिका सुमारे आठपट होत्या आणि त्यांचा व्यास जवळपास दुप्पट होता. दुप्पट हा आकडा किरकोळ वाटेल, पण नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला की प्रवाह सोळापट होतो. म्हणजे नलिका अर्ध्यामुर्ध्या बुजल्या तरी फरक पडतो, आणि अर्ध्यामुर्ध्या उघडल्या तरी पडतो. दवाखान्यातले बहुतेक उपचार या नलिका बुजवायचे आहेत. थोडेसे नस शांत करण्याचे.

आता नलिका उघड्या पडतातच कशा? आपल्याकडे याची कारणं घराघरांत आहेत. दातांवर आडवा, जोर लावून करवतीसारखा ब्रश फिरवणं हे पहिलं. हिरडी मागे सरते, मुळाचा पिवळसर भाग दिसू लागतो आणि हिरडीलगत नखाला लागेल अशी खाच पडते. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांचा डावीकडचा सुळा आणि त्यामागच्या दोन दाढा यात आधी सापडतात, कारण हाताचा जोर तिथे जास्त बसतो. गंमत अशी की या दुखण्याने सतावलेल्या माणसांचे दात पुष्कळदा इतरांपेक्षा स्वच्छ असतात. राखुंडी, वीटकरी रंगाची खरखरीत दंतमंजनं आणि मिश्री ही आणखी एक फळी. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. गावाकडच्या कितीतरी बायका ती दिवसातून दोन-तीनदा बोटाने दातांवर घासतात, आणि ‘मिश्रीने दात दुखायचे थांबतात’ असं सांगतात. तंबाखूने बधिरपणा येतो हे खरं, पण तेच बोट दात झिजवतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो निराळाच. मिश्री सोडायचं ठरवलेल्या बाईचे दात पहिले काही दिवस जास्त शिवशिवू शकतात. तिला हे आधी सांगितलं नाही, तर ती पुन्हा डबी उघडते.

तिसरं कारण आंबटाचं. लिंबू, चिंच, आवळा, कोकम यांत वाईट काही नाही. पण दिवसभर बाटलीतून घोट-घोट लिंबूसरबत किंवा कोल्ड्रिंक पीत राहणं, आणि आंबट खाल्ल्याबरोबर ब्रश करणं, हे दातांना महागात पडतं. आम्लाने पृष्ठभाग मऊ झालेला असताना घासलं की तोच थर निघून जातो. पित्ताचा त्रास असलेल्यांच्या तोंडात तर आम्ल आतूनच येतं, आणि त्यांच्या दातांची आतली, टाळ्याकडची बाजू गुळगुळीत झिजलेली दिसते. अशा पेशंटला दंतवैद्याआधी फिजिशियनकडे पाठवावं लागतं.

किटण काढल्यावर दात सळसळू लागतात, ही तक्रार तर रोजची. ‘डॉक्टरांनी दात घासून पातळ केले’ असं लोक गावभर सांगतात. झालेलं असतं वेगळंच. मुळावर वर्षानुवर्षं साचलेल्या किटणाखाली मूळ आधीच उघडं पडलेलं असतं. वरचं आवरण गेलं की त्याला पहिल्यांदा हवा लागते. बहुतेकांचं हे काही दिवसांत आपोआप निवळतं. सफाई करण्याआधी एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट न दिल्यामुळे दंतवैद्यक बदनाम होतं.

तपासणीविषयी थोडं रेंगाळतो, कारण घोळ होतो तो इथेच. कॅनडातल्या तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाने २००३ साली या दुखण्याची जी व्याख्या मांडली, तिचं शेपूट फार महत्त्वाचं आहे: उघड्या डेंटिनमधून, थंड-गरम, हवा, स्पर्श, गोड-आंबट अशा कारणाने उठणारी, अल्प काळाची तीव्र कळ, जिचा ठपका दाताच्या दुसऱ्या कुठल्याही दोषावर किंवा आजारावर ठेवता येत नाही. म्हणजे आधी इतर आजार बाद करायचे आणि मग हे नाव द्यायचं. दोन दातांमधली कीड, जुन्या भरणीची सुटलेली कड, दाताला गेलेली बारीक चीर, हे सगळे थंड पाण्याने तसेच कळवळतात. चीर असेल तर बहुधा चावा सोडताना कळ येते. गार लागल्यावर कळ मिनिट-मिनिट रेंगाळत असेल, किंवा गरमाने वाढत असेल, तर नस सुजलेली असण्याची शक्यता मोठी. त्यावर वॉर्निश लावणं म्हणजे दुखणं महिनाभर पुढे ढकलणं.

खुर्चीतली चाचणी साधी असते. डॉक्टर शेजारचे दात बोटांनी झाकतात आणि थ्री-वे सिरिंजची हवा संशयित दातावर साधारण एक सेंटिमीटरवरून एक सेकंद सोडतात. पेशंटने काहीच दाद दिली नाही तर ०. जाणवलं पण थांबा म्हणाला नाही तर १. मान मागे घेतली किंवा थांबा म्हणाला तर २. वेदना होऊन थांबा म्हणाला तर ३. शिफ यांची ही मोजपट्टी संशोधनात सर्रास वापरली जाते. उपचाराआधी आणि नंतर हे आकडे केसपेपरवर लिहिले, तर ‘आता कसं वाटतंय?’ ‘बरं वाटतंय’ या संवादाला काही अर्थ येतो. बहुतेक दवाखान्यांत ते लिहिले जात नाहीत.

उपचार जोखायला एक जुना काटा अजून कामी येतो. अमेरिकेतले लुई ग्रॉसमन यांनी १९३५ साली आदर्श उपायाच्या अटी मांडल्या: नसेला इजा करू नये, लावताना दुखू नये, लावायला सोपा असावा, चटकन गुण यावा, तो टिकावा, दरवेळी यावा आणि दात काळा पडू नये. शेवटची अट आज विचित्र वाटते, पण त्या काळी सिल्व्हर नायट्रेट लावत आणि दात काळा करून टाकत. इतकी वर्षं झाली तरी या सगळ्या अटींत बसणारा एकही उपाय सापडलेला नाही.

फ्लोराइड वॉर्निशपासून सुरुवात करू. ५ टक्के सोडियम फ्लोराइड राळेत मिसळून केलेला हा चिकट, बहुधा पिवळसर लेप. त्यात फ्लोराइडचं प्रमाण २२,६०० पीपीएम असतं; आपल्या रोजच्या टूथपेस्टमध्ये ते हजाराच्या आसपास. दात पुसून, कापूस लावून, ब्रशने लेप फिरवायचा. लाळ लागली की तो घट्ट होतो. दातावर कॅल्शियम फ्लोराइडचे कण साचतात आणि नलिकांची तोंडं बुजू लागतात. त्या दिवशी काही तास कडक-गरम खायचं नाही, रात्री ब्रश करायचा नाही, एवढंच पथ्य. राळेची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र आधी सांगावं. गुण काही आठवडे ते काही महिने राहतो आणि लेप पुन्हा लावावा लागतो. हे वॉर्निश जर्मनीत १९६४ साली ‘ड्युराफॅट’ या नावाने आलं ते किडीसाठी. अमेरिकेत मात्र १९९४ साली त्याला परवानगी मिळाली ती शिवशिवणाऱ्या दातांवरचा उपाय म्हणून, आणि तिथले दंतवैद्य ते मुलांच्या किडीसाठी वापरू लागले. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचीही हीच कथा, साल २०१४. किडीच्या औषधांनी अमेरिकेत शिरायला आपल्या या दुखण्याचा दरवाजा दोनदा वापरला. सिल्व्हरवाला लेप किडलेला भाग काळा करतो, तेव्हा ग्रॉसमनच्या शेवटच्या अटीवर तो आजही नापास.

दुसरा ठळक उपाय ग्लुटाराल्डिहाइड आणि हेमा या रसायनांच्या मिश्रणाचा, ‘ग्लुमा’ या नावाने प्रसिद्ध. यात ५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड आणि ३५ टक्के हेमा असतं. नलिकेतल्या द्रवातली प्रथिनं गोठवून आतच पडदे तयार करणं हे त्याचं काम. स्वित्झर्लंडमध्ये १९९७ साली शुपबाख आणि सहकाऱ्यांनी हे पडदे २०० मायक्रॉन खोलीपर्यंत पाहिले. म्हणजे हा उपाय पृष्ठभागावर बसून राहत नाही, आत जातो, त्यामुळे ब्रशने सहज निघत नाही. माझ्या अनुभवात कॅप बसवण्यासाठी घासलेल्या दातावर आणि हिरडी सरलेल्या एखाद-दुसऱ्या दातावर हा चांगला चालतो. पण ग्लुटाराल्डिहाइड म्हणजे तेच रसायन, ज्यात इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला बुडवून ठेवतात. हिरडीला लागलं की ती पांढरी पडते आणि भाजल्यासारखी आग होते. म्हणून तो लावण्याची रीत पाहण्यासारखी आहे: हिरडीवर व्हॅसलीन, दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या, छोट्या ॲप्लिकेटरच्या टोकावर जेमतेम एक थेंब, ३० ते ६० सेकंद वाट, मग पृष्ठभागावरची ओली चमक जाईपर्यंत हलकी हवा आणि भरपूर पाण्याने धुणं. हे सगळं दोन मिनिटांत होतं. पण ज्याला ही दोन मिनिटं घाईत उरकायची आहेत, त्याच्या हातात ही बाटली नको.

ऑक्झलेटचे लेप, आर्जिनिनच्या पेस्ट, कॅल्शियम-फॉस्फेटचे प्रकार यांच्यावर पुस्तिकेत स्वतंत्र पानं आहेत. मी इतकंच म्हणेन की ऑक्झलेट तत्त्वाने जेवढं पटतं, तेवढं चाचण्यांत दिसलेलं नाही.

हिरडीलगत खोल खाच पडली असेल तर लेपांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ती खाच भरावी. काचेची बारीक पूड आणि आम्ल यांपासून बनणारं ग्लास आयोनोमर सिमेंट लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७०च्या सुमारास तयार केलं, आणि या जागेसाठी ते अजूनही फार सोयीचं आहे: दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडतं, ओलाव्याला जरा जास्त सहन करतं. दर्शनी दात असेल तर कॉम्पोझिट रंगाला जास्त जुळतं. हा उपाय लेपांपेक्षा जास्त काळ टिकतो. पण ब्रश करायची पद्धत बदलली नाही, तर नवी खाच भरणीच्या कडेला पडते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गळक्या गच्चीवर दर उन्हाळ्यात डांबर ओतणारे आणि पाणी कुठून शिरतं ते न शोधणारे लोक आपण पाहतो. दवाखान्यातला कुठलाही लेप कारण न शोधता लावला, की तो त्या डांबरासारखाच दरवर्षी खर्च मागतो.

लेसरबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि जाहिरातीही त्याच्याच सगळ्यात मोठ्या. १९८०च्या दशकात जपानमध्ये मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेसरने याची सुरुवात केली. आज दवाखान्यांत मुख्यतः डायोड लेसर असतात, काही ठिकाणी अर्बियम. कमी शक्तीचा लेसर मज्जातंतूची संवेदना कमी करतो असं मानतात. जास्त शक्तीचा लेसर डेंटिनचा पृष्ठभाग वितळवून नलिकांची तोंडं मिटवतो. दुसऱ्या पद्धतीत उष्णतेचा हिशोब चुकवून चालत नाही. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात पल्पचं तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांचा पल्प सावरला नाही. म्हणून लेसर कोण चालवतंय याला यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्व आहे. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर त्या लेसरचा चष्मा नसेल, तर पेशंटने खुशाल उठून बाहेर यावं. आणि गुण? वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. लेसरने काही वेळा आराम दिसतो, पण पुराव्याची खात्री कमी, असा त्याचा सूर आहे. ज्यांना वॉर्निश आणि ग्लुमा दोन्हींनी आराम पडलेला नाही, त्यांनी लेसरचा विचार जरूर करावा. पहिल्याच भेटीत लेसर सुचवणाऱ्या दवाखान्यात यंत्राचा हप्ता चालू आहे, असं मला तरी वाटतं.

पुरावा कमी का, याचं एक कारण हे दुखणंच आहे. ते आपोआप कमी-जास्त होतं. लाळेतले क्षार नलिका हळूहळू बुजवत असतात. दुसरं, या चाचण्यांत नकली औषध मिळालेल्यांनाही भरघोस आराम पडतो. २० ते ६० टक्के असे आकडे या विषयातल्या लेखांत वारंवार येतात. डॉक्टरने वेळ दिला, दाताला हात लावला, उपचार केला असं सांगितलं, एवढ्याने कळ खरोखर कमी जाणवते. शिवाय बऱ्याच चाचण्या काही आठवड्यांच्या आणि बऱ्याचशा कंपन्यांच्या पैशाने झालेल्या. खरा उपाय नकली उपायापेक्षा थोडा सरस दिसतो. दोन खरे उपाय समोरासमोर आणले की फरक धूसर होतो. म्हणून ‘सगळ्यात प्रभावी’ असं छापलेल्या खोक्याकडे पाहून वाचकाने निश्चिंत होऊ नये.

हिरडीची शस्त्रक्रिया हा शेवटच्या पायऱ्यांपैकी एक. टाळ्याचा पातळ तुकडा काढून उघड्या मुळावर बसवतात. दोन दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ चांगलं झाकलं जातं. ते गेलेलं असेल तर पूर्ण झाकण्याचं वचन कोणी देऊ नये. आणि रूट कॅनॉल? निव्वळ शिवशिवण्यासाठी जिवंत नस काढून टाकणं मला पटत नाही, अगदी ‘एकदाची कटकट मिटवा डॉक्टर’ म्हणून पेशंट हात जोडत असला तरी. दुसरे सारे उपाय थकले आणि त्रास असह्य असेल, तेव्हाच.

या सगळ्याआधी घरचा उपाय येतो. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरायची; या क्षाराचा उपयोग अमेरिकेत हॉडोश यांनी १९७४ साली सुचवला. हा आपल्या ओळखीचा सोराच. मऊ ब्रश, हलका हात, दिवसातून दोनदा, किमान चार आठवडे. चूळ भरून पेस्ट पूर्ण धुऊन टाकू नये. तीन दिवसांत गुण आला नाही म्हणून पेस्ट फेकणारे पेशंट मला भेटतात, आणि चौथ्या दिवशी त्यांना लेसरची माहिती हवी असते.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच. दंतवैद्याकडे गेल्यावर आधी विचारा: माझं डेंटिन उघडं कशामुळे पडलं, कीड आणि चीर नाही हे तुम्ही कसं ठरवलं, सुचवलेला उपाय किती टिकेल आणि उतरला तर पुढे काय. या प्रश्नांवर रागावणारा डॉक्टर बदलावा. आणि ज्यांची कळ गार पाणी थांबल्यावरही थांबत नाही, किंवा रात्री झोपेतून उठवते, त्यांनी ही पुस्तिका वाचत बसू नये. त्यांनी आजच वेळ घेऊन दात दाखवावा.